ताटाच्या कडेची कोथिंबीर

साताऱ्याच्या आमच्या घरी दुपारची जेवणं उरकून ताटं उचलायला घेतली की काकीचं ताट कुठलं हे कुणाला विचारावं लागायचं नाही. ज्या ताटाच्या कडेला कोथिंबिरीची बारीक बारीक पानं काढून ठेवलेली असायची ते काकीचं. आमटीतली, बटाट्याच्या भाजीतली, पोह्यांवरची, एक न एक पान बोटांनी वेचून बाजूला. आणि त्यावर आजीचं ठरलेलं, "नुसते नखरे. माहेरी लाडावून ठेवलेली." काकी उलट बोलायची नाही. मी सातवीत वगैरे असताना एकदा मीच तिला विचारलं तर म्हणाली, अगं मला तिचा साबणासारखा वास येतो, साबणाची वडी चावल्यासारखं होतं तोंडात. मी पळत जाऊन हे सगळ्यांना सांगितलं आणि पुढची कितीतरी वर्षं घरात कोथिंबीर निवडायला घेतली की कुणीतरी म्हणायचंच, काकीचा साबण आला बघा.

मी आणि माझा दादा तर तिची परीक्षा घ्यायचो. कोथिंबिरीची एक काडी चुरडून तिचा रस ताकात मिसळायचा, पान एक पण राहू द्यायचं नाही, आणि तो पेला बाकीच्या पेल्यांत ठेवून द्यायचा. काकी पेला उचलायची, तोंडापर्यंत न्यायची आणि तसाच खाली ठेवायची. दर वेळी. एकदाही चुकली नाही. आम्ही हसून हसून लोळायचो. आता ते आठवलं की जीव कसानुसा होतो, कारण आम्ही खेळ म्हणून जे करत होतो ती खरंतर चांगली टेस्ट होती, काकी तिच्यात दर वेळी पास होत होती आणि तरी तिला खरंच वेगळा वास येतो हे एवढ्या मोठ्या घरातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग आलं २०२१. दादाला दुसऱ्या लाटेत कोविड झाला, वास गेला, पंधरा दिवसांनी परत आला, आम्ही सुटलो म्हटलं. आणि तिसऱ्या महिन्यात एक दिवस वहिनी कांदा परतत होती तर हा किचनच्या दारात येऊन ओकारी आल्यासारखा उभा, काय कुजलंय म्हणून. कॉफी म्हणजे जळलेलं रबर. लसणाची फोडणी म्हणजे गटार. डॉक्टरांनी सांगितलं याला पॅरोस्मिया म्हणतात, होतं असं काहींना, धीर धरा. आणि आम्ही धरला की! त्याच्यासाठी सहा महिने घरात कांदा-लसूण परतला नाही, कॉफी बंद, वहिनी बिचारी नुसत्या हिंग-जिऱ्यावर स्वयंपाक करायची. दादाच्या नाकावर कुणी अविश्वास दाखवला नाही कारण त्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं. तेव्हा मला काकीचं ताट आठवलं, आणि मी वासाबद्दल वाचायला लागले ते अजून वाचतेच आहे.

वाचताना पहिला धक्का हा बसला की डोळा कसा बघतो, कान कसा ऐकतो हे माणसाला बऱ्यापैकी कळलेलं असताना नाक कसं ओळखतं हे मात्र १९९१ पर्यंत नीट माहीतच नव्हतं. म्हणजे मी स्वतः शाळेत होते तोपर्यंत. नाकात वर, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, आत एक छोटासा पट्टा असतो, त्यात वास घेणाऱ्या चेतापेशी असतात, त्यांच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात, एवढं दिसत होतं. पण मोगऱ्याचा रेणू त्या तंतूला चिकटतो तो नेमका कशाला? तिथे काहीतरी पकडणारं असणार, रिसेप्टर म्हणजे ग्राहक असणार हे सगळे म्हणत होते पण तो कुणाच्या हाती लागत नव्हता.

तो लागला लिंडा बक नावाच्या बाईंच्या हाती, न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत रिचर्ड ॲक्सेल यांच्या लॅबमध्ये. या बाईंची गोष्ट मला फार जवळची वाटते. जन्म सिॲटलचा, १९४७ चा, वडील इलेक्ट्रिकल इंजिनियर, आई घर सांभाळायची. शिक्षण सरळ रेषेत नाही, आधी मानसशास्त्र, मग त्याला मायक्रोबायोलॉजी जोडून पदवी घेतली तेव्हा वय २८. मग डॅलसला इम्युनोलॉजीत पीएचडी, १९८० साली. मग कोलंबिया. तिथे समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींवर काम चाललेलं, आणि १९८५ मध्ये वासाबद्दलचा एक शोधनिबंध त्यांच्या वाचनात आला. त्याआधी वासाचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता म्हणे. आणि तिथून पुढे दुसरं काही सुचेना. १९८८ ला वासाचे रिसेप्टर शोधायला बसल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेली, स्वतःची लॅब नाही, पक्की नोकरी नाही, पोस्टडॉकच, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये तात्पुरतं संशोधन करणाऱ्या. आपल्याकडे या वयात बाईला लोक विचारतात आता नवीन काय सुरू करतेस.

आणि काम कसलं, तर गवताच्या गंजीत सुई नाही, सुई आहे का हेही माहीत नसताना. आधीच्या काही वाटा फसल्या. मग त्यांनी तीन अंदाज बांधले आणि तिन्ही एकदम धरून शोधायचं ठरवलं. पहिला, हे रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर विणत जाणाऱ्या प्रोटीनच्या घराण्यातले असणार, कारण नाकातल्या पेशींत पुढचा संदेश देणारी यंत्रणा त्याच धाटणीची सापडायला लागली होती, आणि डोळ्यातलं उजेड टिपणारं प्रोटीनही त्याच घराण्यातलं. दुसरा, वास एवढे तऱ्हेतऱ्हेचे म्हटल्यावर रिसेप्टर एक-दोन नसणार, भलं मोठं कुटुंब असणार, चेहरे मिळतेजुळते पण प्रत्येक जण निराळा. तिसरा, हे जीन फक्त नाकात चालू असणार, दुसरीकडे नाही. (तिसरा अंदाज पुढे अगदी शंभर टक्के खरा ठरला नाही, काही रिसेप्टर आतड्यात आणि प्रोस्टेटमध्ये पण सापडले, पण त्या वेळी शोधायला तो पुरला.)

डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं पीसीआर हे तंत्र तेव्हा नवीन होतं. कोविडमुळे आता आपल्याकडे वाड्यावस्तीवर सुद्धा आरटी-पीसीआर हा शब्द माहीत आहे, तेच. उंदराच्या नाकातून घेतलेल्या आरएनएवरून त्यांनी त्या सातवेणी घराण्याशी जुळणारे तुकडे वाढवले, असे ६४ तुकडे मिळाले. आता यातला कुठला एकाच जीनचा आणि कुठला अख्ख्या कुटुंबाचा, हे कसं ओळखायचं? इथे बाईंनी जे केलं ते वाचून मी पुस्तक खाली ठेवून चक्क उठून उभी राहिले. समजा एक नऊवारी आहे आणि तिच्यावर जिथे जिथे कोयरी आलीय तिथे तिथे कात्री चालवायची. तुकड्यांची बेरीज नऊ वारच भरली पाहिजे, बरोबर? पण भरली पंचवीस-तीस वार, तर? म्हणजे ती एक साडी नव्हतीच, सारख्याच लांबीच्या कितीतरी साड्या एकावर एक घडी घातलेल्या होत्या आणि प्रत्येकीची कोयरी वेगवेगळ्या जागी होती. त्यांनी डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम त्या तुकड्यांवर चालवलं आणि १३ नंबरच्या तुकड्याची बेरीज मूळ लांबीच्या कितीतरी वर गेली. तेच ते कुटुंब. त्यातले १८ वेगवेगळे जीन त्यांनी वाचून काढले आणि अजून शेकडो असावेत असा अंदाज दिला. एप्रिल १९९१ ला 'सेल' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, त्यावर फक्त दोन नावं, बक आणि ॲक्सेल. २००४ साली नोबेल मिळालं ते याच दोघांना.

शेकडो हा आकडा तरी केवढा ते बघा. रंग बघायला आपल्याकडे डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी, तेवढ्यावर सगळी इंद्रधनुष्यं. आणि वासाला उंदीर-घुशींकडे हजाराच्या आसपास जीन, माणसाकडे साधारण ४०० चालू. हत्तीकडे तर दोन हजारांच्या जवळपास. सस्तन प्राण्यांत यापेक्षा मोठं जीनचं कुटुंब नाही. निसर्गाने एवढा खर्च ज्यावर केला त्या इंद्रियाला आपण शाळेच्या पुस्तकात दोन ओळी देतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण ४०० रिसेप्टर म्हणजे ४०० वास, असं नाही. बाईंची माझी सगळ्यात लाडकी कामगिरी नोबेलवाल्या पेपरची नाही, १९९९ ची आहे. तोवर त्या हार्वर्डला स्वतःच्या लॅबमध्ये होत्या. ब्राझीलच्या बेटिना माल्निक आणि जपानचे दोन सहकारी यांच्याबरोबर त्यांनी उंदराच्या नाकातल्या एकेका पेशीला निरनिराळे वास दिले, कुठली पेशी कशाला दाद देते ते बघितलं आणि मग त्याच पेशीत कुठला रिसेप्टर आहे ते काढलं. एका पेशीत एकच रिसेप्टर हा नियम. त्यात निघालं असं की एक रिसेप्टर अनेक वासांना ओळखतो आणि एक वास अनेक रिसेप्टरना जागं करतो, आणि प्रत्येक वासाची जी जुळणी होते ती मात्र त्याची स्वतःची. बाराखडीसारखंच. क कमळातला पण आणि कढीतला पण, अक्षर तेच, शब्द वेगळा. ४०० पैकी नुसते तीन तीन निवडायचे म्हटलं तरी एक कोटीच्या वर जुळण्या होतात, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, आणि खऱ्या वासात तर तीनच असतील असंही काही नाही.

म्हणूनच अक्षर जरा बदललं की वासाचा अर्थच पालटतो. ऑक्टॅनॉल नावाचं द्रव्य आहे, संत्र्यासारखा गोड वास. त्याच्याच एका टोकाला किंचित बदल केला की ऑक्टॅनॉइक ॲसिड, त्याचा वास खवट, घामट. रेणू सख्खे भाऊ, पण रिसेप्टरची जुळणी निराळी. आणि प्रमाण बदललं तरी जुळणी बदलते, जास्त झालं की आणखी रिसेप्टर जागे होतात. मोगऱ्यात, जाईजुईत इंडोल असतं, ते चिमूटभर असतं तोवर फुलाचा वास, आणि तेच इंडोल गच्च झालं की विष्ठेचा वास, कारण ते तिथेही असतंच. लग्नाहून आल्यावर गजरा प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली की जो भपकारा येतो, ज्याला धड सुवासही म्हणवत नाही आणि धड घाणही म्हणवत नाही, त्या भपकाऱ्याशी माझी फार जुनी ओळख, आणि इंडोलचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला ती पिशवीच आठवली.

दादाच्या कॉफीचंही काहीसं असंच. इंग्लंडमध्ये रीडिंग युनिव्हर्सिटीत कॉफीच्या वासातले रेणू एकेक वेगळे करून पॅरोस्मियाच्या लोकांना हुंगायला दिले, २०२२ मध्ये ते छापून आलं. बऱ्याच जणांना जो असह्य झाला तो टू-फ्युरानमिथेनथायॉल, आणि गंमत म्हणजे साध्या नाकाला कॉफीचा खमंगपणा ज्यांच्यामुळे येतो त्यातला तो एक मुख्य. म्हणजे दादा कल्पनेतलं काही हुंगत नव्हता, कॉफीतलंच हुंगत होता, त्याच्या नाकातली बाकीची अक्षरं गळल्यावर जे उरलं ते. (हा अर्थ मी लावलेला, पण मला तो पटतो.) नाकातल्या या पेशी जन्मभर मरतात आणि नव्या येतात, मेंदूला थेट जोडलेल्या पेशींमध्ये हे फार दुर्मीळ आहे, आणि त्यामुळेच दादाची कॉफी वर्षभराने का होईना परत आली.

हे सगळं न्यूयॉर्क-बॉस्टनलाच घडत होतं असं समजू नका हं. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज १९७० च्या दशकातच फळमाशी घेऊन वासाच्या मागे लागले होते. केळ्यावर घोंघावते ना ती, तीच. ज्या माश्यांना ठरावीक वास येत नाही अशा माश्या शोधायच्या आणि त्यांच्या जीनमध्ये काय बिघडलंय ते बघायचं. रॉड्रिग्जबाई मूळच्या केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकलेल्या, तिथून मुंबईला आल्या. त्यांनी पुढे १९८८ मध्ये दाखवलं की माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या वासांना वेगवेगळी ठिकाणं जागी होतात. म्हणजे बक-ॲक्सेलच्या रिसेप्टरच्या तीन वर्षं आधी. नंतर १९९४ मध्ये उंदीर-घुशींवर बक आणि ॲक्सेल दोघांच्या वेगवेगळ्या लॅबमधून निघालं की नाकभर विखुरलेल्या, पण एकच रिसेप्टर असलेल्या पेशींचे धागे मेंदूत जाऊन ठरलेल्या एक-दोन जागी एकत्र येतात. पंढरीच्या वाटेवर कुठून कुठून दिंड्या येतात आणि आपापल्या ठरलेल्या मुक्कामालाच थांबतात, तसं. माशीचे रिसेप्टर सापडायला १९९९ उजाडलं आणि ते निघाले भलत्याच घराण्यातले. पण कुलाब्याचं ते काम आपल्या मुलांना माहीत असायला हवं, इतक्या जवळ घडलेलं आहे.

बकबाईंबद्दल अजून एक सांगायलाच हवं. पुढे मेंदूच्या आतल्या भागात हे धागे कसे पसरतात यावर त्यांच्या लॅबचा २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पेपर आला होता. त्यातले निकाल पुन्हा करून बघताना जुळेनात, तेव्हा २००८ मध्ये त्यांनी तो मागे घेतला. २०१० मध्ये आणखी दोन. नोबेल मिळाल्यानंतर, सगळं जग बघत असताना. १९९१ च्या कामाला त्याने धक्का लागला नाही, पण मला विचाराल तर माझ्या मनातला त्यांचा मान त्याने वाढला.

आता काकी. माणसाचे वासाचे जीन ८०० च्या वर, त्यातले निम्मे तर बंद पडलेले, आणि उरलेल्या ४०० मध्ये माणसागणिक फरक. कुणाचा एक बंद, कुणाचा दुसरा, कुणाचा चालू पण जरा वेगळा. ॲन्ड्रोस्टेनोन नावाचं एक द्रव्य आहे, काहींना त्याचा घामाचा-लघवीचा दर्प येतो, काहींना गोडसर, व्हॅनिलासारखा, आणि काहींना काहीच नाही. २००७ मध्ये दाखवलं गेलं की हा फरक बराचसा एका रिसेप्टरवरून पडतो. एकच बाटली, तीन माणसं, तिघंही खरं बोलतायत.

आणि कोथिंबीर! २०१२ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या लोकांचे जीन तपासून देणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्या युरोपीय वंशाच्या २५ हजारांहून जास्त ग्राहकांना विचारलं, काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते का आणि बाकीच्यांना ती आवडते का, आणि त्यांचे जीन बघितले. साबण म्हणणाऱ्यांचं बोट गेलं अकराव्या क्रोमोसोमवरच्या वासाच्या जीनच्या वस्तीकडे, त्यातही ओआर-सिक्स-ए-टू या रिसेप्टरकडे. कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः अल्डिहाइड जातीच्या रेणूंचा, हा रिसेप्टर नेमका त्यांना पकडतो, आणि साबणातही तसलेच काही असतात. जीनचा वाटा यात लहानच आहे, खाण्याची सवय वगैरे पण असतंच. त्याच वर्षी कॅनडात तरुण मुलामुलींना विचारलं तर दक्षिण आशियाई घरांतल्या सात टक्क्यांना कोथिंबीर नकोशी होती. सात! शंभर पानांच्या पंगतीत सात जण. म्हणजे साताऱ्यात काकी एकटी नव्हतीच, प्रत्येक गल्लीत असेल कुणीतरी, मुकाट पानं वेचत बसलेलं.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टीमने माणसाच्या एका वास-रिसेप्टरचं पहिल्यांदा चित्र काढलं, वासाचा रेणू त्याच्या खोबणीत बसलेला दिसतो त्यात. बकबाईंच्या १९९१ च्या पेपरला तेव्हा ३२ वर्षं झाली होती. ते चित्र मी बराच वेळ बघत बसले आणि मग काकीला फोन लावला.

काकी आता चौऱ्याहत्तरची आहे. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला सगळं सांगितलं, साडीचे तुकडे, बाराखडी, हत्ती, सात टक्के. आणि म्हटलं काकी, तुझं खरं होतं गं, ताकात रस घालायचो आम्ही, चुकलंच आमचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं पण साबण नव्हता तो."

"म्हणजे?"

"ढेकूण. आमच्या माहेरी बाजेत ढेकूण असायचे, रात्री हाताखाली चिरडला की जो वास यायचा ना, तो. अगदी तोच. पण सासूबाईंनी केलेल्या आमटीला ढेकणाचा वास येतो म्हणून सांगणार कसं? म्हणून साबण म्हटलं."

एवढी वर्षं. आणि मला तर माहीत होतं, नुकतंच वाचलेलं, की ढेकूण धोक्याच्या वेळी जे सोडतात ते अल्डिहाइडच, कोथिंबिरीतल्यांच्या अगदी भावकीतले. मी तिला म्हटलं काकी, तू केमिस्ट्रीच्या बाईंपेक्षा अचूक सांगितलंस. ती हसली. मग तिनेच विचारलं, "पण मला एक सांग, तुम्हा सगळ्यांना कसा येतो गं तिचा वास? मी कधी विचारलंच नाही."

मी म्हटलं छान येतो. म्हणाली छान म्हणजे कसा. मी म्हटलं ताजा, हिरवा. "हिरवा कसा असेल वास?" मी विचार करत राहिले, लिंबासारखा नाही, गवतासारखा नाही, पुदिन्यासारखा तर मुळीच नाही. शेवटी म्हटलं, काकी, कोथिंबिरीसारखा येतो.

"हां," काकी म्हणाली, "तो कसा ते मला माहीत नाही ना."